पाचशे बारा घरे, पाचशे छत्तीस बाइट

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतील अनेक विद्यापीठांचे संगणक एकाएकी मंदावले. बंद करून पुन्हा सुरू केले तरी थोड्या वेळाने तीच गत. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली इंटरनेटवरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होती आणि स्वतःच्या प्रती काढत होती. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे साठ हजार संगणक होते. त्यांपैकी सहा हजारांना बाधा झाली, असा अंदाज केला गेला. हाच तो प्रसिद्ध ‘मॉरिस वर्म’.

आत शिरण्याच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांतली एक, सी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. युनिक्स संगणकांवर ‘फिंगर’ नावाची सोय असे. एखाद्याचे नाव पाठवले की ती व्यक्ती संगणकावर काम करीत आहे की नाही, हे कळे. येणारे नाव साठवण्यासाठी ५१२ बाइटची जागा राखलेली होती. एवढे लांब नाव कोणाचे असणार? पण वर्मने पाठवले ५३६ बाइट! वरचे २४ बाइट शेजारच्या जागेत सांडले. काम संपल्यावर कोठे परतायचे, तो पत्ता तेथेच लिहिलेला होता. तो पुसला जाऊन नवा पत्ता आला आणि व्हॅक्स जातीचा संगणक पाहुण्याने सोबत आणलेल्या आज्ञा मुकाट्याने पाळू लागला.

हे कसे शक्य झाले? ओळ वाचण्याचे काम ‘गेट्स’ या फलनाकडे होते. सी भाषेत एखादी रांग फलनाकडे सोपवली की त्याला फक्त तिच्या सुरुवातीचा पत्ता मिळतो, लांबी मिळत नाही. त्यामुळे गेट्स ओळ संपेपर्यंत भरत राहते. कितपत भरायचे हे त्याला ठाऊकच नसते. हा दोष भाषेच्या जन्मकाळाशी निगडित आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी घडवली. त्याआधी १९७० मध्ये तेथे आलेल्या पीडीपी-११ संगणकाची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. प्रत्येक ठिकाणी लांबी तपासत बसणे परवडणारे नव्हते. शिवाय आज्ञावली लिहिणारा आणि वापरणारा बहुधा एकाच इमारतीत असे. इंटरनेट आले आणि टंकणारा माणूस अनोळखी झाला.

फिंगरच्या दुरुस्तीत गेट्सच्या जागी ‘एफगेट्स’ आले. त्याला जागेचा आकार सांगावा लागतो. ते फलन पूर्वीपासून उपलब्ध होते! तरीही गेट्स १९८९ च्या मानकात राहिले, १९९९ च्याही. ते मानकातून वगळले गेले २०११ साली, म्हणजे वर्मनंतर तेवीस वर्षांनी. दरम्यान मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षे परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि दंड.

आता आपल्या वर्गाकडे वळू. विद्यार्थी गुण भरण्याची आज्ञावली लिहितो. संख्या वाचायला तो ‘स्कॅनएफ’ वापरतो. पहिल्या मुलाचे ७२ गुण भरले. दुसरा गैरहजर, म्हणून शिक्षकाने ‘अ’ टंकला. स्कॅनएफला संख्या सापडत नाही. ते चलाला हात लावत नाही, म्हणून त्यात ७२ तसेच राहतात. शिवाय ‘अ’ तेथेच पडून राहतो, त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या, पुढच्या प्रत्येक मुलाच्या वेळी तोच आड येतो. साऱ्या वर्गाला ७२ गुण! संगणकाने चूक दाखवली नाही असे मात्र नाही. किती संख्या वाचल्या हे स्कॅनएफ उत्तरादाखल कळवते. ते उत्तर कोणी पाहिलेच नाही.

यावर उपाय म्हणजे वाचणे आणि तपासणे ही कामे वेगळी करणे. प्रथम एफगेट्सने मर्यादेत एक ओळ घ्यावी. ओळ लांब निघाली तर उरलेली अक्षरे वाचून टाकून द्यावीत, नाहीतर ती पुढच्या ओळीत घुसतात. मग ‘स्ट्रटोल’ या फलनाने ओळीतून संख्या काढावी. जुने ‘एटॉय’ येथे उपयोगी नाही, कारण त्याचे उत्तर शून्य आले तर मुलाने शून्य गुण मिळवले की शिक्षकाने अक्षर टंकले, हे सांगता येत नाही. स्ट्रटोल मात्र आपण कोठे थांबलो ते दाखवते. सुरुवातीलाच थांबले तर संख्या नव्हतीच; मध्येच थांबले तर ‘७क’ असे काही असावे. शेवटी संख्या ० ते १०० मध्ये आहे का, हे पाहावे. कारण ४५० ही संख्या आहे, पण गुण नव्हेत. यांपैकी काहीही चुकले तर नेमके काय चुकले ते सांगून पुन्हा विचारावे.

‘अ’ चे काय? तो चूक म्हणून नाकारायचा की गैरहजेरी म्हणून नोंदवायचा, हे सी भाषा ठरवत नाही. ते शाळा ठरवते. म्हणून आज्ञावली लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एक तक्ता करून घ्यावा: डावीकडे माणूस काय काय टंकू शकेल, उजवीकडे संगणकाने काय करावे. रिकामी ओळ, उणे संख्या, दोन संख्या एकत्र, आणि हो, पाचशे छत्तीस अक्षरांची ओळही त्यात असू द्यावी.