बापूराव चौतीसच वर्षांचे राहिले

'27 क्लब' तुम्हाला माहीत असेलच. जिमी हेंड्रिक्स, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस. सगळे 27व्या वर्षी गेले आणि टी-शर्टवर उरले. आज आपल्याकडचं एक नाव घेऊ, ज्यांचा टी-शर्ट मी तरी कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही: दत्तात्रेय विष्णू पलुस्कर, म्हणजे बापूराव. जन्म 1921, नाशिक. मृत्यू 26 ऑक्टोबर 1955, मुंबई.

वडील विष्णु दिगंबर, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. ते 1931 मध्ये गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. पुढची तालीम मुख्यतः विनायकबुवा पटवर्धनांकडे.

नाव नवीन वाटलं तरी आवाज तुम्ही ऐकलेला असू शकतो. 'बैजू बावरा' (1952) मधली जुगलबंदी आठवा. राग देसी, संगीत नौशाद. तानसेनाला आवाज अमीर खाँसाहेबांचा, बैजूला पलुस्करांचा. गोष्टीत बैजू जिंकतो. खाँसाहेब तेव्हा चाळिशीचे, बापूराव 31 चे. खाँसाहेबांना 1974 पर्यंत आयुष्य मिळालं, त्यांची गायकी कशी पिकत गेली ते आपण ऐकू शकतो. बापूराव 1955 मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि मेंदूज्वराने गेले. गुरू विनायकबुवा शिष्यामागे वीस वर्षं जगले. कसं वाटलं असेल त्यांना!

आमच्या अँटॉप हिलच्या घरात पलुस्कर तीन आहेत. आजोबांनी त्यांना समोर बसून ऐकलेलं. ते एखादी तान हातवारे करून दाखवायचे, जी कुठल्याच रेकॉर्डवर नाही. बाबांचे पलुस्कर कॅसेटवरचे, सकाळी आंघोळीनंतर भजन गाणारे. माझे जीटीबी नगरहून लोकल पकडल्यावर इअरफोनमधले. 78च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे एका स्टेशनावर राग सुरू होतो आणि पुढच्यावर संपतोसुद्धा.

म्हणूनच 'गोड गळ्याचे पलुस्कर' ही ओळख मला थोडी खटकते. गोड होताच तो गळा. पण तीन मिनिटांत गोडवा लगेच कळतो, रागाची बढत दाखवायला वेळ लागतो. त्यात भजनं घरोघरी पोचली, ख्याल मागे राहिले. पन्नाशीतला बापूरावांचा आवाज कसा जाड झाला असता, त्यांनी काय सोडून दिलं असतं, हे कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

आज भजन नको. त्यांचा राग श्री शोधा, संध्याकाळी लावा, आणि मध्येच स्किप करू नका.