आजाऱ्यांनी आणि पोरांनी वाढवलेली पाचगणी

गाव वाढतं ते नदीच्या, देवळाच्या नाहीतर पेठेच्या आधारानं. वाई कृष्णेकाठी अशीच वाढली. वाईहून पसरणीचा घाट चढून गेलं की लागणारी पाचगणी मात्र ठरवून वसवलेली. पुढे तिला वाढवलं ते आजाऱ्यांनी आणि वसतिगृहांतल्या पोरांनी.

तिच्या जन्माचं कारण महाबळेश्वरचा पाऊस. 1820 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथं थंड हवेचं ठाणं उभारलं खरं, पण जून लागला की साहेबलोकांना बंगल्यांना कुलपं लावून उतरावं लागे. बारमाही राहता येईल अशी जागा हवी होती. तशी ती 19 किलोमीटर अलीकडेच सापडली. डोंगररांगेच्या आडोशाला पाऊस बराच कमी, उंची तेराशे मीटरच्या आसपास आणि माथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार, म्हणजे आजचं टेबललँड. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांच्याकडे या जागेचा कारभार आला. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा.

नुसते बंगले बांधून गाव होत नाही, हे चेसननी ओळखलं होतं. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले यांना त्यांनी बोलावून आणलं आणि बाजाराखालची जागा नेमून दिली. तेच इथलं गावठाण. बंगल्यांच्या मोकळ्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेनं सिल्व्हर ओक लावले गेले. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याची सरळसोट खोडं आज पाचगणीची ओळखच होऊन बसली आहेत. चेसन इथेच राहिले आणि सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

क्षयावर औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपाय होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांच्या आरोग्यधामामुळे मुंबईचे रोगी महिनोन्‌महिने इथं मुक्कामाला येऊ लागले. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजीही 1944 च्या पावसाळ्यात विश्रांतीसाठी इथं आले. जुलैमध्ये ‘दिलखुश’ बंगल्यातूनच त्यांनी जिनांना भेटीसाठी पत्र लिहिलं.

हवा रोग्यांना मानवते, तर मुलांनाही मानवेल. 1890 च्या दशकात युरोपियन मुलांसाठी शाळा निघाल्या. किमिन्स आणि सेंट जोसेफ त्या काळातल्या. मग ज्याची त्याची शाळा उभी राहिली: पारशांची, मुसलमानांची, 1922 मध्ये हिंदूंची (आजचं संजीवन विद्यालय) आणि 1945 मध्ये बहाईंची न्यू एरा. सेंट पीटर्समध्ये 1950 च्या दशकात झांझिबारहून फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा आला. 1958 मध्ये मित्रांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

शाळांनी गावाला कारखान्यासारखा रोजगार दिला. शेकडो पोरांचं दोन वेळचं जेवण, गणवेश, धुणं, दूध, पाव. चेसननी बसवलेल्या शिंपी-धोब्यांच्या धंद्याला कायमचं गिऱ्हाईक लाभलं. साहेब गेले तरी पाचगणी ओस पडली नाही, ती यामुळेच. 1959 मध्ये ‘मॅप्रो’चा जॅमचा उद्योग सुरू झाला, सहलीच्या गाड्या वाढल्या आणि बंगल्यांची हॉटेलं होऊ लागली.

2001 मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. बांधकाम, वृक्षतोड, भूजलाचा उपसा यांवर बंधनं आली. लगेच 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकराला पाचगणी शनिवार-रविवारच्या टप्प्यात आली. बंधन आणि मागणी अशी पाठोपाठ आली. शहराची लोकवस्ती 2011 च्या जनगणनेतही पंधरा हजारांच्या घरातच राहिली. हॉटेलं आणि सेकंड होम मात्र खिंगर, दांडेघर, भिलारच्या रस्त्यांनी पसरत गेली. आज जमिनीला भाव आहे तो याच खेड्यांत, आणि स्ट्रॉबेरीचे वाफेही याच जमिनींवर आहेत.