पाच हजार गाड्यांची अट

जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचताना मला एक प्रश्न हमखास पडतो. ही वस्तू मुळात बनवली कशासाठी असेल? साध्या सेडानचं उत्तर सोपं आहे. माणसं, किराणा, मुलांची शाळा. पण चारही चाकांना ताकद देणारी, वर टर्बो बसवलेली, बॉनेटवर हवा आत घ्यायला मोठी खाच असलेली चार दारांची फॅमिली गाडी? ही कोणी मागितली होती? खरं सांगायचं तर कोणीच नाही. ती एका नियमामुळे जन्माला आली, आणि तो नियम एका वाईट वर्षामुळे लागू झाला. त्याचीच ही गोष्ट.

आधी आमची अडचण सांगतो, म्हणजे मी या भानगडीत का पडलो ते कळेल. आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो. इथले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. हिवाळ्यात बर्फ आणि बर्फ वितळला की चिखल (इथे त्याला स्वतंत्र ऋतूच मानतात). इतकी वर्षं एका गाडीवर भागलं. आता हिला पंचेचाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, सकाळची पाळी, मध्ये एक डोंगर. पगार चांगला आहे, पण वेळेवर पोचता आलं नाही तर नोकरी टिकायची नाही. नव्या गाडीचा हप्ता आत्ता झेपणार नव्हता. बजेट सहा हजार डॉलर, फार तर. त्या पैशात इथल्या डोंगरावर चालेल असं जे काही मिळतं, त्यात २००३ सालची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स वॅगन समोर आली. १ लाख ३८ हजार मैल पळालेली.

हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला तिचा इतिहास नको. सकाळी पाच वाजता ती सुरू झाली पाहिजे." मुद्दा बिनतोड होता. तरी इतिहास सांगतोच, कारण काय तपासायचं ते मला इतिहासानेच शिकवलं.

टर्बोपासून सुरुवात करू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ताकद फुकट जाते. त्या धुराने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवून इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ साली घेतलं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं, चौदा हजार फुटांवर. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन तिथल्या विरळ हवेत सुमारे दोनशे तीसवर आलं, आणि टर्बो जोडल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या वर गेलं. म्हणजे टर्बोला खरी ओळख मिळाली ती विमानांमुळे. मोटारीत तो १९६२ साली अमेरिकेत आला, पण फारसा रुजला नाही. पुढे बीएमडब्ल्यू, पोर्शे, साब यांनी सत्तरच्या दशकात तो पुन्हा आणला. मग एक नवीनच अडचण उभी राहिली. ताकद वाढली, पण ती रस्त्यावर उतरवायला चाकं दोनच. ओल्या रस्त्यावर पाय जरा जोरात दाबला की चाकं जागच्या जागी गरगर.

चारही चाकांना ताकद द्यायची कल्पना काही नवी नव्हती. पण ती जीपची, ट्रकची, शेताची गोष्ट मानली जायची. इथे एक ओळखीचं नाव येतं. ट्रॅक्टरवाले हॅरी फर्ग्युसन. हो, आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या लाल 'मॅसी फर्ग्युसन'मधले फर्ग्युसन. या गृहस्थांनी उतारवयात साध्या मोटारींना फोर व्हील ड्राइव्ह बसवण्याचा ध्यास घेतला होता. ते १९६० साली वारले. त्यांच्या कंपनीच्या पी ९९ या रेसिंग कारने १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉसच्या हातात इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कची शर्यत जिंकली, आणि त्यांचंच तंत्र वापरून १९६६ साली जेन्सन एफएफ ही गाडी आली. महागडी. जेमतेम ३२० विकल्या गेल्या. असो.

माझे सासरे तासगावजवळ द्राक्षं करतात, त्यांच्या दारात फर्ग्युसन उभा असतो. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ही कथा ऐकवली. त्यांनी आधी विचारलं, "जावईबापू, रनिंग किती झालंय?" मी मैलांचे किलोमीटर करून सव्वादोन लाखाच्या आसपासचा आकडा सांगितला. थोडं थांबून म्हणाले, "ट्रॅक्टरला एवढं काही नसतं. पण तुम्ही ऑइल कधी बदललं ते विचारा." मामांचा हा प्रश्न मी पुढे जसाच्या तसा वापरला.

आता जर्मनी. १९७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे लोक फिनलंडच्या बर्फात गाड्यांची चाचणी घेत होते. सोबत फोक्सवागनची लष्करासाठी केलेली इल्टिस नावाची जीप होती, अवघ्या ७५ अश्वशक्तीची. ती तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकत होती. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने ते पाहिलं आणि फर्डिनांड पिएख यांच्या कानावर घातलं, की हीच व्यवस्था सेडानला का लावू नये? पुढच्या जानेवारीत नमुना गाडी ऑस्ट्रियातल्या टुराखर ह्योहे या खड्या घाटात उन्हाळी टायरांवर चढवून दाखवली.

एक किस्सा सांगतात. फोक्सवागनचे संशोधनप्रमुख एर्न्स्ट फियाला यांनी ही गाडी व्हिएन्नात घरी नेली. त्यांच्या पत्नी ती घेऊन बाजारात गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, वळताना गाडी उड्या मारते. तक्रार अगदी बरोबर होती. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. दोघांना एकाच दांड्याने जखडलं तर ती एकमेकांशी भांडतात. चिखलात ते खपून जातं, कारण चाक घसरून हिशोब मिटवतं. डांबरावर मिटत नाही. म्हणून मध्ये एक डिफरन्शिअल हवं, आणि ऑडीने ते पोकळ शाफ्टची युक्ती करून गिअरबॉक्समध्येच बसवलं. बाजारात निघालेल्या बाईंच्या तक्रारीने जे साधलं ते बर्फातल्या चाचण्यांनी साधलं नव्हतं, याची मला फार गंमत वाटते.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो आली. पाच सिलिंडर, टर्बो, दोनशेच्या आसपास अश्वशक्ती, चारही चाकं ओढणारी. रॅलीवाल्यांनी आधी तिला जड म्हणून हसून घेतलं. १९८१ मध्ये मिशेल मूतों हिने तीच गाडी घेऊन सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. आणि १९८५ मध्ये तिने पाइक्स पीकवर, त्याच मॉससाहेबांच्या डोंगरावर, विक्रम केला.

मग जे झालं ते व्हायचंच होतं. सगळ्यांनाच टर्बो हवा, सगळ्यांनाच चार चाकं हवीत. तेव्हाच्या 'ग्रुप बी' नियमात फक्त दोनशे गाड्या बनवल्या की झालं, बाकी मोकळं रान. गाड्या रस्त्यावरच्या राहिल्याच नाहीत, नुसती नावं सेडानची. आणि प्रेक्षक रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यातच उभे राहायचे. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक मेले, तीसहून अधिक जखमी. २ मे १९८६ ला कॉर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो दरीत कोसळून जळून गेले. तोइवोनेन २९ वर्षांचा होता. ग्रुप बी त्या वर्षाअखेर बंद.

१९८७ पासून मोठ्या स्पर्धेसाठी 'ग्रुप ए'. त्यात अट अशी, की जी गाडी पळवायची तिच्या एका वर्षात किमान पाच हजार प्रती बनल्या पाहिजेत. हेतू सुरक्षिततेचा होता. गाड्या सौम्य व्हाव्यात, इतकंच. पण परिणाम भलताच झाला. जिंकायला टर्बो आणि चार चाकं लागतातच हे आता सगळ्यांना कळलेलं, तेव्हा कंपन्यांनी तसल्या पाच हजार गाड्या बनवल्या आणि शोरूममध्ये उभ्या केल्या. लान्चियाची डेल्टा आली आणि १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं कंपन्यांचं विजेतेपद घेऊन बसली. टोयोटाची सेलिका, मित्सुबिशीची गॅलांट, सुबारूची लेगसी. १९९२ मध्ये लान्सर इव्होल्यूशन आणि इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. स्पर्धेतली अवजारं चक्क हप्त्यावर मिळू लागली. नियम करणाऱ्यांनी असा विचार नक्कीच केला नसेल.

इम्प्रेझा आमच्या पिढीच्या लक्षात राहिली ती निळ्या रंगावरच्या पिवळ्या ५५५ मुळे. केबलवर रॅलीचे तुकडे दाखवायचे, त्यात धुरळ्यातून ती उडताना दिसायची. आम्हाला ५५५ ठाऊक होतं ते वेगळ्याच कारणाने. दुबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी काकांच्या बॅगेत 'ट्रिपल फाइव्ह'चं पाकीट असायचंच. तीच सिगारेट कंपनी त्या गाडीची प्रायोजक. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे २७ व्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हाचा सर्वांत तरुण. सुबारूला त्या वर्षीपासून सलग तीन वर्षं कंपन्यांचं विजेतेपद मिळालं.

आणि गंमत बघा, १९९७ मध्ये 'वर्ल्ड रॅली कार' नावाचा नवा नियम आला आणि हजारो हुबेहूब गाड्यांची गरजच संपली. साध्या मॉडेलवरून स्पर्धेपुरती गाडी बनवता येऊ लागली. म्हणजे अमेरिकेत डब्ल्यूआरएक्स आली (२००१ मध्ये, २००२ चं मॉडेल म्हणून, २२७ अश्वशक्ती), तेव्हा तिचं मूळ कारण उरलं नव्हतं. इथल्या पोरांनी ती 'ग्रान टुरिझ्मो' या व्हिडिओ गेममध्ये पळवली होती, आणि जपानमधून थेट मागवायची तर १९८८ च्या कायद्याप्रमाणे गाडी पंचवीस वर्षांची व्हावी लागते. त्यामुळे मागणी साठून राहिली होती. एवढ्या उलाढालीतून ती गाडी माझ्या बजेटमध्ये आली, वीस वर्षांनी थोडी गंजून.

मग तपासणी. या गाड्या दोन प्रकारच्या मालकांकडून येतात. एक, स्वतःला मॅक्रे समजणारे. मोठा एक्झॉस्ट, टर्बोचा दाब वाढवलेला, क्लच संपलेला. त्यांच्याकडे मी फिरकलोच नाही, कारण या मॉडेलचा पाच गिअरचा गिअरबॉक्स असल्या खेळात तुटतो हे सर्वश्रुत आहे. दुसरे, बर्फासाठी घेणारे. आमची विक्रेती निवृत्त शिक्षिका होती. मामांचा प्रश्न विचारला, तर तिने पावत्यांची फाइलच पुढे ठेवली. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, तेव्हा जुनं तेल म्हणजे त्याचं मरण. टायमिंग बेल्ट १ लाख ५ हजार मैलांवर बदलायचा असतो, तो बदललेला होता. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन जातं.

मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फेऱ्या मारल्या. फियालाबाईंची परीक्षा! उडी नाही, अडखळणं नाही, म्हणजे मधलं डिफरन्शिअल आणि त्यातलं व्हिस्कस कपलिंग शाबूत. मेकॅनिकने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, जवळपास सारखं भरलं. मागच्या चाकांच्या कमानी मात्र रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेल्या. आणि टायर दोन नवे, दोन झिजलेले. या गाडीत ते चालत नाही. चारही चाकांचा घेर सारखा नसेल तर कपलिंगला सतत वाटतं की एक बाजू घसरते आहे, आणि ते तापून मरतं. एक टायर फाटला की चार घ्यायचे, हा या चैनीचा छुपा कर. टायर आणि गंज दाखवून सहा हजार दोनशेचे पाच हजार चारशे झाले.

उरलेल्या पैशात आधी हिवाळी टायर घेतले. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करतं, थांबायला नाही. बर्फावर ब्रेक लागतो तो रबराने. इथे दर हिवाळ्यात खड्ड्यात पडलेल्या गाड्यांत चारही चाकं ओढणाऱ्या बऱ्याच असतात. ही पहिल्या आठवड्यात पाच वाजता निघाली, सहाला दहा कमी असताना तिचा मेसेज आला: "पोचले. हीटर छान आहे. पेट्रोल फार पिते." ते खरंय, आणि महागातलं पेट्रोल लागतं ते वेगळंच.

कागदपत्रं भरताना दाराच्या चौकटीवरची पट्टी पाहिली. नंबर जेएफ १ ने सुरू होतो, म्हणजे गाडी जपानमध्ये बनलेली. या इम्प्रेझा गुन्मा प्रांतातल्या ओटा शहरात बनत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे नाकाजिमा कंपनी लढाऊ विमानं बनवायची. युद्धानंतर अमेरिकनांनी तिचे तुकडे केले, आणि १९५३ मध्ये त्यातले पाच तुकडे एकत्र येऊन सहावी कंपनी उभी राहिली. म्हणून चिन्हात सहा तारे, एक मोठा आणि पाच लहान. जपानीत 'सुबारू' म्हणजे आपल्या कृत्तिका. हे ऐकल्यावर सासूबाईंनी गाडीचं नाव कार्तिकी ठेवलंय.