भाड्याच्या घरातील विद्युत सुरक्षा : घरमालकाची जबाबदारी

भाड्याने दिलेल्या घरातील वायरिंग, मेन स्विच, वितरण पेटी आणि अर्थिंग सुरक्षित स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटर ही वीज कंपनीची, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात महावितरणची बाब. मीटरच्या पुढचे सारे ग्राहकाचे. भाड्याच्या खोलीच्या वीजबिलावर नाव बहुधा मालकाचेच असते. बिलाचे पैसे भाडेकरू भरतो म्हणून भिंतीतल्या वायरची जबाबदारी त्याच्याकडे जात नाही.

ही जबाबदारी गावागणिक कमी-अधिक महत्त्वाची ठरते. हिवरे बाजार हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील गाव पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही, असा गावाचा नियम आहे. अर्थात बाहेरून कोणी राहायला आलेच, तर ते दुसऱ्याच्या घरात. हिवरे बाजार शेतकऱ्यांच्या स्वतःच्या घरांचे गाव असल्याने तेथे भाड्याच्या घरांतील विद्युत सुरक्षेचा प्रश्न लहान आहे. याच जिल्ह्यातील नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींच्या आसपास मात्र तो मोठा आहे. तेथे कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या रांगेने बांधतात आणि पुष्कळदा एकाच जोडणीवरून सगळ्या खोल्यांना वीज देतात.

या कोरड्या मुलखात सर्वांत दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. खड्ड्यात जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी ओतायला नरसाळे, ही जुनी पद्धत आजही सर्रास दिसते. पण मुरमाड, खडकाळ जमीन उन्हाळ्यात सुकली की तिचा विद्युतरोध वाढतो. अर्थिंगचा रोध 20 ओहम झाला आहे असे धरू. गिझरच्या धातूच्या टाकीत फेज उतरला, तर 230 व्होल्टला जमिनीत वाहणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर भरेल. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच) त्याने पडणार नाही. गिझर चालूच राहील, टाकीला जोडलेला नळही ‘जिवंत’ राहील, आणि ओल्या हाताने तो धरणाऱ्याला काहीच कळलेले नसेल. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवते ते आरसीसीबी. घरगुती वापराचे आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडते. म्हणून खोली भाड्याने देताना मालकाने आधी कोणता खर्च करायचा असेल तर तो आरसीसीबीवर. त्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर ते उपकरण निकामी समजावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणे हेही मालकाचेच काम. भाडेकरूला तो खड्डा कोठे आहे हेदेखील माहीत नसते.

पत्र्याच्या खोलीचा धोका वेगळा आहे. पत्र्याच्या कडेवरून नेलेली वायर वाऱ्याने घासत राहते, आवरण फाटते आणि अख्खे छप्पर भारित होते. त्याच छपराच्या अँगलला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार बांधलेली असते. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना शॉक बसून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. वायर पत्र्यातून न्यायची तर पीव्हीसी पाइपातूनच न्यावी आणि तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी. दोन्हींचा खर्च किरकोळ आहे. तो टाळणाऱ्या मालकाला सबब नाही.

कायद्याने ही जबाबदारी वेगवेगळ्या ठिकाणी विभागली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार घर चांगल्या व वापरण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटिशीनंतर 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मात्र वर्षाला भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. वाद झाला म्हणून वीज तोडायला कलम 29 मनाई करते. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे. इतर गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 आधाराला येते : मालकाला ठाऊक असलेला, पण भाडेकरूला सहज न दिसणारा घरातील महत्त्वाचा दोष सांगणे मालकाचे कर्तव्य ठरते. भिंतीआड जळकी जोडणी असल्याचे माहीत असून गप्प राहणे या कलमात बसते, असे मानायला हरकत नसावी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम सांगतात. गावात मात्र मोटार बांधणारा किंवा ओळखीचा पोरगाच वायर ओढून देतो, आणि चाचणी अहवालाचा कागद नव्या जोडणीच्या अर्जापुरताच उरतो.

भाडेकरूची जबाबदारी कोठे सुरू होते, हे केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू अधिनियमात स्पष्ट मांडले आहे : आतील-बाहेरील वायरिंग मालकाकडे, स्विच व सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे. तो केवळ नमुना-कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी भाडेकरारात हीच वाटणी लिहून घेणे दोघांच्याही हिताचे. भाडेकरूने इंडक्शन शेगडी किंवा कूलर आणला आणि भार वाढला, तर त्याने सांगावे आणि मालकाने महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. फ्यूजमध्ये जाड तार भरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने घराला आग लागू शकते.

इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घरातील वीजयंत्रणा किमान दर 5 वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागते आणि अहवालाची प्रत 28 दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते. महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात असा अहवाल देण्याची सक्ती नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. विधिमंडळाने ती भरून काढेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवते. त्याच धर्तीवर जिल्ह्यातल्या ज्या गावांत खोल्या भाड्याने जातात, त्या गावांच्या ग्रामसभांनी भाडेकरू बदलताना अर्थिंगचा रोध मोजून घेण्याचा आणि आरसीसीबी बसवण्याचा ठराव करावा. मीटरअलीकडच्या वीजवाहिनीतील धोक्याची तक्रार मात्र महावितरणच्या 1912 या क्रमांकावर करता येते.