अंकीय वैद्यकीय प्रतिमादर्शन : सातारा व सांगली जिल्हे

शरीराच्या अंतर्भागाची प्रतिमा फिल्मवर सलग छायेच्या रूपाने न घेता ती उभ्या-आडव्या ओळींतील सूक्ष्म चित्रबिंदूंत विभागणे, प्रत्येक बिंदूच्या तेजस्वितेला एक संख्या देणे आणि ह्या संख्या संगणकात साठवून त्यांपासून पडद्यावर पुन्हा चित्र उभे करणे, ह्या तंत्रास अंकीय प्रतिमादर्शन म्हणतात. संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन), चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एमआरआय), अंकीय क्ष-किरण चित्रण व सोनोग्राफी ह्या नावाने घरोघरी परिचित झालेले ध्वनिचित्रण हे त्याचे प्रमुख प्रकार होत. सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांत ह्या तंत्राचा प्रसार मोठ्या रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांपुरता मर्यादित राहिला नाही. तालुक्याच्या गावांतील लहान प्रसूतिगृहांतही तो ध्वनिचित्रणाच्या रूपाने झाला. त्यामुळे येथील त्याचा इतिहास वैद्यकाइतकाच कायद्याचा व समाजस्थितीचाही आहे.

ह्या प्रदेशाला आधुनिक रुग्णालयांची परंपरा जुनी आहे. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) ह्या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकाने मिरज येथे १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. पाचगणी येथे रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केले. मिरजेजवळ वानलेसवाडी येथेही क्षयरुग्णालय झाले. क्षयाच्या निदानात छातीच्या क्ष-किरण चित्राचे महत्त्व मोठे असल्यामुळे अशा संस्थांना ह्या तंत्राची गरज विशेष भासे. पुढे मिरज येथे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले व कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

फिल्मवरील चित्रणाच्या मर्यादा अनेक होत्या. अंधारखोलीत फिल्म विकासक द्रावणातून काढणे, स्थिर करणे, धुणे व वाळविणे ह्यांत वेळ जाई. उद्‌भासन कमीजास्त झाल्यास चित्र फुकट जाऊन रुग्णाला पुन्हा प्रारण घ्यावे लागे. शिवाय फिल्म एकच असल्याने ती एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येई. माण किंवा जत तालुक्यातील रुग्ण मोठ्या गावच्या डॉक्टरकडे जाताना मोठे पाकीट काखोटीस मारून जाई, आणि ते हरवले तर पूर्वीच्या आजाराचा पुरावाच नाहीसा होई.

जन्मतःच अंकीय असलेले पहिले क्ष-किरण उपकरण म्हणजे संगणकीय छेदचित्रण यंत्र होय. इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनविलेल्या ह्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. त्या चित्रात ८० × ८० एवढेच चित्रबिंदू होते. हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना ह्या कार्यासाठी १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या क्ष-किरण चित्रणास अंकीय रूप मिळण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. जपानच्या फुजी कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या पद्धतीत फिल्मऐवजी प्रस्फुरक द्रव्याचा थर असलेली पट्टिका वापरतात. क्ष-किरणांनी तीत साठलेली ऊर्जा लेसर शलाकेने मुक्त करून तिचे संख्यांत रूपांतर करतात. क्ष-किरण यंत्र जुनेच ठेवून केवळ पेटी व वाचक यंत्र बदलावे लागत असल्याने बेताच्या भांडवलाच्या रुग्णालयांस ही पद्धत सोयीची ठरली.

ध्वनिचित्रणाची गोष्ट निराळी आहे. ग्लासगो येथील प्रसूतितज्ञ इयन डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये गर्भाशय व गर्भ यांची श्राव्यातीत ध्वनीने घेतलेली चित्रे प्रसिद्ध केली. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात परिवर्तित ध्वनीचे संकेत अंकीय स्मृतीत साठविणारे परिवर्तक आले, तेव्हा करड्या छटांचे स्थिर व विश्वसनीय चित्र मिळू लागले. ह्या यंत्रास शिशाचे संरक्षण असलेली खोली लागत नाही, अंधारखोली लागत नाही, फिल्मही लागत नाही. ढकलगाडीवर मावणारे यंत्र, विजेची जोडणी व प्रशिक्षित हात एवढ्यावर काम भागते. मूत्राशयातील खडे, यकृतातील गळू, गर्भाची वाढ, वारेचे स्थान, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांचे निदान त्यामुळे तालुक्यातच होऊ लागले. अशा निदानाने वाचलेल्या मातांची गणती कोणी ठेवलेली नाही. यंत्राच्या दुरुपयोगाची चर्चा करताना ही बाजू सहसा विसरली जाते.

दुरुपयोग मात्र फार मोठा झाला. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, इतर राज्यांच्या आधी, केला. त्या वेळी चर्चा मुख्यतः गर्भजल तपासणीची होती. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. पण अंमलबजावणी नाममात्रच राहिली. सेहत व मासूम ह्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्यावर यंत्रांच्या नोंदणीस गती आली व २००३ मध्ये कायद्याची व्याप्ती वाढविण्यात आली. तोवर २००१ ची जनगणना होऊन गेली होती. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात ९१३ असताना साताऱ्यात ती ८७८, सांगलीत ८५१ व शेजारच्या कोल्हापुरात ८३९ होती. हा प्रदेश मागासलेला नव्हे. पाटाचे पाणी, सहकारी साखर कारखाने व शिक्षणसंस्था यांनी तो संपन्न झालेला आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातच येते. दारिद्र्य व अज्ञान हे मुलींच्या घटत्या संख्येचे नेहमी सांगितले जाणारे कारण येथे लागू पडत नाही. यंत्र परवडणारे रुग्णालय आणि तपासणीचे शुल्क परवडणारे कुटुंब ही दोन्ही संपन्नतेचीच फळे होती.

कायद्याने प्रत्येक गर्भवतीच्या ध्वनिचित्रणाची विहित ‘एफ’ नमुन्यात नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे. परंतु लिंग सांगण्याची क्रिया एका शब्दाची वा खुणेची असल्याने तिचा पुरावा कागदावर उरत नाही. साताऱ्यातील दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी लेक लाडकी अभियानातून गर्भवती स्त्रियांच्याच साहाय्याने बनावट ग्राहक पाठवून असे पुरावे गोळा केले व खटले उभे केले. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकीर्दीत २०१० च्या सुमारास दुसरा मार्ग अवलंबिला गेला. तेथे यंत्राच्या पडद्याकडे जाणारा संकेत एका जोडउपकरणात नोंदवून ठेवण्याची ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ पद्धत आली. प्रतिमा अंकीय असल्याचा लाभ येथे रोगनिदानाऐवजी देखरेखीसाठी घेतला गेला. रुग्णाच्या खाजगीपणाचा मुद्दा काढून क्ष-किरणतज्ञांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये ते फेटाळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ हे नाव लाभलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

नमुन्यातील किरकोळ चूक व प्रत्यक्ष लिंगनिदान यांना एकच शिक्षा नको, ही डॉक्टरांची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केली. नोंदच नसेल तर गुन्हा शोधण्याचे दुसरे साधन उरत नाही, हे खरे आहे. तथापि यंत्रास मोहोर लागली की त्या भागातील अडलेल्या बाईला दूरच्या गावी जावे लागते, हेही तितकेच खरे. २०११ च्या जनगणनेत राज्याचे प्रमाण ८९४ पर्यंत उतरले, तर साताऱ्याचे ८९५ व सांगलीचे ८६७ झाले. ह्या वाढीचे श्रेय कायदा, चळवळ व लोकमत यांपैकी कोणास किती द्यावे, हे ह्या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

अंकीय प्रतिमांची देवाणघेवाण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत शक्य व्हावी म्हणून १९९३ मध्ये डायकॉम हे आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले. त्यामुळे प्रतिमा एका गावी घेऊन तिचे वाचन दुसऱ्या गावी करणारे दूरनिदान शक्य झाले. क्ष-किरण चित्र व छेदचित्र आता रात्रीच्या वेळी शेकडो किलोमीटरांवरील तज्ञ वाचू शकतो. ध्वनिचित्रणात मात्र चित्र घेणाऱ्याचा हातच निदानाचा मोठा भाग असतो, आणि कायद्यानेही ते नोंदणीकृत जागी, नोंदणीकृत यंत्रावर, पात्र व्यक्तीनेच करावयाचे असते. म्हणून प्रतिमा गावोगाव फिरू लागली, तरी गर्भवतीला तपासणीसाठी यंत्र असलेल्या गावीच यावे लागते.