तारेपासून टॉवरपर्यंत

१९८२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आजी तापाने फणफणली होती. काका चिखल तुडवीत डॉक्टरांना आणायला निघाले. ते पोचले तेव्हा डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. ते येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि तोवर आजी गेली होती. तोवर काय करायचे, हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. रोगाइतकेच अंतरही माणसाला मारते, हे मला त्या वयात कळले.

पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा या अंतराचाही इतिहास आहे हे ध्यानात आले. आपल्याकडे तार सर्वसामान्यांसाठी १८५५ साली खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद पडली. दीडशेहून अधिक वर्षे तिने आजाराच्या बातम्या इमानेइतबारे पोचवल्या. उपचार मात्र तिला पोचवता आले नाहीत. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाईलवर बोलून या सेवेचा आरंभ केला, तेव्हा ती धनिकांची चैन होती. पण २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. २००८ मध्ये ती कर्नाटकात आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. खिशातल्या फोनचे मोल तेव्हा गरिबालाही पटले.

सुरुवातीच्या जाळ्यांतून आवाज जाई आणि चार ओळींचा संदेश जाई. रोमन लिपीत १६० अक्षरे, देवनागरीत अवघी ७०! पण गरीब देशांनी तेवढ्यावरही संसार मांडला. रवांडाच्या मुसांझे जिल्ह्यात २००९ पासून गावोगावच्या आरोग्यसेविका गरोदर बायकांची नोंद आणि संकटाची खबर अशा संदेशांनी कळवू लागल्या. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये 'मॉमकनेक्ट' सुरू केले. गरोदर बाईला तिच्याच भाषेत, महिन्यांच्या हिशेबाने सल्ला मिळू लागला.

जाळे रुंदावले तसे त्यातून चित्रही जाऊ लागले. आपल्याकडे २०१६ नंतर चौथ्या पिढीचे इंटरनेट स्वस्त झाले. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने घडवलेली 'ई-संजीवनी' २०१९ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी कोरोनाची टाळेबंदी आली आणि रुग्णाने घरबसल्या डॉक्टरांशी बोलावे अशी सोय एप्रिल २०२० मध्ये झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांचा आकडा १० कोटींपलीकडे गेला. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, पाचवी पिढीही आली होती. तिच्यात संदेश पोचायला लागणारा विलंब फारच कमी, म्हणून दुरून सोनोग्राफी करण्याचे प्रयोग आता शक्य झाले आहेत.

हे सारे वाचताना अभिमान वाटतो. तरीही वाचकहो, एक गोष्ट विसरून चालणार नाही. रवांडात काय किंवा आपल्याकडे काय, फोनच्या या टोकाला रुग्णाची नाडी पाहणारे माणूस होते, म्हणूनच यंत्र कामी आले. उपकेंद्रात परिचारिका नसेल, तर पडद्यावरच्या डॉक्टरांना रक्तदाब कोण सांगणार? त्यांनी लिहून दिलेली गोळी कोण देणार? आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर, जिथे पावसाळ्यात रुग्णाला आजही खांद्यावरून न्यावे लागते, तिथे चौथी काय नि पाचवी काय! जाळे सर्वात शेवटी तिथेच पोचते, जिथे त्याची गरज सर्वात आधी असते.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. शेजारची एक सून बांधावरच्या दगडावर उभी राहून फोन उंच धरत होती. तापाने तळमळणारे पोर तिच्या कडेवर होते. तिथेच काय ती रेंज मिळते. थोड्या वेळाने आशाताईंचा आवाज आला, "घाबरू नको, पोराचं अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा, मी निघालेच." अर्ध्या तासात त्या आल्या.

माझ्या आजीच्या वेळी तो दगड तिथेच होता. पलीकडून बोलणारे, आणि बोलून निघणारे, कोणी नव्हते.