वृद्ध आईवडिलांसाठी घरी मदतनीस ठेवताना

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. त्या वेळी महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे सुमारे एक जण साठी ओलांडलेला होता आणि हे प्रमाण पुढे वाढतच गेले आहे. दुसरीकडे शिकलेली तरुण पिढी नागपूर, पुणे, मुंबई येथे, क्वचित आखाती देशांत, स्थिरावली आहे. अमरावती धर्मप्रांतातील आपली कुटुंबे त्याला अपवाद नाहीत. मागे राहिलेल्या आईवडिलांची शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न प्रथम भावंडांत, मग नातेवाइकांत आणि शेवटी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतो. "फादर, एखादी विश्वासू बाई बघून द्या," ही विनंती आता नेहमीची झाली आहे. अशी व्यक्ती ठेवताना काय पाहावे, काय ठरवावे, कायदा काय सांगतो आणि कोणत्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

गरज नेमकी कोणती?

बोलण्यात आपण सर्वांना "बाई" किंवा "मावशी" म्हणतो. पुरुष असेल तर "ब्रदर". (या ब्रदरचा आपल्या धर्मबंधूंशी संबंध नाही, तरी नवख्या माणसाचा गोंधळ होतो.) प्रत्यक्षात ही तीन वेगळी कामे आहेत. स्वयंपाक, धुणीभांडी, केरफरशी हे घरकाम झाले. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे, भरवणे, रात्री उठून पाहणे ही अंगाची सेवा झाली. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे, जखमेची मलमपट्टी ही रुग्णसेवा असून ती प्रशिक्षित परिचारिकेकडेच द्यावी. पहिल्या कामासाठी ठेवलेल्या स्त्रीकडून हळूहळू तिन्ही कामे करून घेतली जातात आणि पगार मात्र पहिल्याच कामाचा राहतो. बहुतेक भांडणांचे मूळ येथे असते.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी मुलांपैकी एकाने किमान आठवडाभर आईवडिलांजवळ राहावे. दिवसाचे व रात्रीचे प्रत्येक काम, ते करायला लागलेला वेळ आणि औषधाच्या वेळा वहीत लिहाव्यात. फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणणारी आई रात्री चार वेळा भिंतीला धरून न्हाणीघरात जाते, हे तेव्हाच कळते. कित्येकदा असेही आढळते की दिवसरात्र माणूस ठेवण्याची गरजच नाही. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्रीचा मंद दिवा, न घसरणारी पादत्राणे आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासांची मदत एवढे पुरेसे आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा पाठीला व्रण पडतात. हे काम एकटी व्यक्ती दिवसरात्र करू शकत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यामुळे त्या दिवसांत ठरावीक वेळी पाणी देणे हेही लेखी कामात धरावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास किती पाणी द्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ज्यांच्यासाठी माणूस ठेवायचे त्यांचे मत विचारले जातेच असे नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या वडिलांना परक्या हातून आंघोळ करून घेणे लज्जास्पद वाटू शकते. त्यांचा नकार हट्ट म्हणून उडवून लावू नये. काही दिवस केवळ सोबत, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, चहा करून देणे आणि ओळख रुजल्यावर अंगाची सेवा, असा क्रम बहुधा निभावतो.

येणारी स्त्री कोण असते?

मोठ्या शहरांत नर्सिंग ब्युरोमार्फत माणूस मिळते. ब्युरोकडून घेताना दलाली किती, पगारातून कपात किती, माणूस गैरहजर राहिल्यास बदली कोण देणार आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कोणते, हे लेखी घ्यावे. "जनरल ड्युटी असिस्टंट" किंवा "होम हेल्थ एड" ही काही महिन्यांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आहेत. ती असणारी व्यक्ती परिचारिका नव्हे. तालुक्याच्या गावी मात्र सारे ओळखीवर चालते. गावातील आशाताई, दवाखान्यातील परिचारिका, धर्मभगिनी यांच्याकडे विचारणा करावी. आधार कार्डाची प्रत, छायाचित्र आणि मूळ गावचा पत्ता घेऊन पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, पण तिला आधी सांगून.

तिचे घर कोणते, हेही समजून घेतले पाहिजे. कापसाच्या या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. त्याच वर्षीच्या राज्य शासनाच्या निर्णयानुसार पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यांतील ७० हजार ठेवीत आणि ३० हजार हातात. कर्ता पुरुष गेलेल्या घरातील स्त्री एवढ्यावर किती दिवस काढणार? लोकांच्या घरी सेवेला येणाऱ्यांत अशा स्त्रिया आहेत. त्यांच्या मागे मुले आहेत आणि बहुधा त्यांचीही म्हातारी आई किंवा सासू आहे. आपल्या आईची सेवा करणारी स्त्री स्वतःच्या आईला दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आलेली असते.

ऑक्टोबरपासून सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी सुरू झाली की "बाई न सांगता गेली" अशा तक्रारी वाढतात. वेचणीचे पैसे किलोवर आणि लगेच मिळतात, शिवाय घरचे शेत असेल तर तिला जावेच लागते. तिला दोष देण्याऐवजी दसऱ्यापूर्वीच विचारून ठेवावे आणि त्या काळासाठी भावंडांनी रजा वाटून घ्याव्यात.

तास आणि पगार

"चोवीस तासांची बाई" हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्याचा हिशेब करून पाहावा. तीस दिवसांचे तास होतात ७२०. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. ७२० तासांचे २८ हजार ८० रुपये होतात, आणि हा दर माती खोदण्याच्या अकुशल कामाचा. तिची झोप त्यातून वजा करा, असे कोणी म्हणेल. परंतु वृद्धाच्या हाकेसरशी उठावे लागते ती झोप विश्रांती म्हणता येत नाही. ज्यांना ही रक्कम परवडत नाही, आणि बहुतेकांना ती परवडणार नाही, त्यांनी पगाराऐवजी तास कमी करावेत. दिवसाची बारा तासांची एक व्यक्ती आणि रात्री घरातील कोणी, किंवा शेजारच्या दोन कुटुंबांनी मिळून दोन व्यक्ती, असे मार्ग निघतात. मुले चार असतील तर खर्च चौघांनी मिळकतीच्या प्रमाणात उचलावा. जवळ राहणाऱ्या सुनेचे श्रम फुकट धरून बाकीच्यांनी केवळ पैसे पाठवावेत, ही वाटणी न्याय्य नव्हे.

आठवड्याची सुट्टी हा याहून गंभीर विषय. दहा आज्ञांतील चौथी आज्ञा मातापित्यांचा मान राखण्याची आहे. तिच्या अगोदरची तिसरी आज्ञा विश्रांतीच्या दिवसाची, आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात त्या विश्रांतीचा हक्क घरातील दासदासींनाही स्पष्टपणे दिला आहे. चौथी आज्ञा पाळण्यासाठी माणूस ठेवायचे आणि त्याला महिनोन्‌महिने एकही दिवस मोकळा न देता तिसरी मोडायची, असे आपल्या घरांतून सर्रास घडते. रविवारी आपण मिस्साला जातो तेव्हा ती आईजवळ बसलेली असते. तिची सुट्टी रविवारीच असावी असे नाही, मात्र ती पगारी, ठरलेल्या वाराची आणि पूर्ण दिवसाची असावी. पोळा, दिवाळी, १४ एप्रिल हे दिवस तिच्या घरी महत्त्वाचे असतील तर तेही आधी विचारून घ्यावेत.

पगार ठरल्या तारखेला, शक्यतो तिच्या स्वतःच्या बँक खात्यात द्यावा. कामाचे स्वरूप, तास, सुट्टी, जेवण, प्रवासखर्च आणि काम सोडताना द्यायची सूचना हे सारे साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तिला वाचता येत नसेल तर तिच्या ओळखीच्या व्यक्तीसमोर वाचून दाखवावे.

आता एक कटू गोष्ट. तिच्यासाठी वेगळा कप, वेगळी ताटली, जमिनीवर जेवण, ही प्रथा ख्रिस्ती घरांतही आढळते. जी स्त्री आपल्या आईला स्वतःच्या हाताने घास भरवते तिच्या कपाचा विटाळ मानणे, याला कोणतेही समर्थन नाही. तसेच ती हिंदू, बौद्ध वा आदिवासी असेल तर रोझरीला बसण्याची सक्तीही करू नये.

कायद्याचे साहाय्य

घरकाम करणाऱ्यांसाठी देशपातळीवर एकही सर्वंकष कायदा नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घेतली आणि त्यावर विचार करण्यास केंद्र शासनाला सांगितले. महाराष्ट्रात मात्र २००८ च्या अधिनियमानुसार घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांना त्यात नोंदणी करता येते. त्यासाठी तिने कामाचा दाखला मागितला तर तो विनासंकोच द्यावा. चौदा वर्षांखालील मुलाला वा मुलीला घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे. "आजीच्या सोबतीला गावाकडची पोरगी" हा प्रकारही त्यातच मोडतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे आणि तिला जिल्हा स्तरावरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध पुरुषाचे वर्तन कधी कधी मर्यादा सोडते. अशा वेळी तिने सांगितलेले खोटे ठरवू नये. डॉक्टरांना सांगावे आणि त्या सेवेसाठी पुरुष मदतनीस पाहावा.

आईवडिलांच्या बाजूने २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्यात निर्वाह या शब्दाखाली अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय देखभाल येते. जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर, तसेच सज्ञान नातवंडांवरही आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. देखभालीच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास, परत मिळवण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही विनामूल्य मदतवाहिनी आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयातील भरतीसाठी. घरच्या मदतनिसाचा पगार त्यात बसत नाही.

पैसा आणि संशय

एटीएम कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक मदतनिसाकडे देऊ नये. हा अविश्वास नव्हे, उद्या काही कमी-जास्त झाले तर तिच्यावर आळ येऊ नये म्हणूनची काळजी आहे. दागिने ती येण्यापूर्वीच बँकेत ठेवावेत. विसराळूपणा वाढलेली आजी साखळी उशीच्या अभ्र्यात ठेवते आणि बाईने चोरली म्हणते, हे डॉक्टरांच्या नित्य परिचयाचे आहे. एवढ्यावरून पोलिसांत गेल्यास एका निर्दोष स्त्रीचे पोट कायमचे तुटते. घरात कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून लावावा आणि न्हाणीघर व कपडे बदलण्याची जागा त्यातून वगळावी.

काही वृद्ध कृतज्ञतेने तिच्या नावे काही ठेवू इच्छितात. त्यांना तो अधिकार आहे. त्यासाठी मृत्युपत्र करावे. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचे तोच, किंवा त्याचा पती वा पत्नी, साक्षीदार असेल तर त्याला ठेवलेली देणगी रद्द ठरते. म्हणून तिची किंवा तिच्या नवऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये.

वृद्धाच्या मृत्यूबरोबर तिचे कामही त्याच दिवशी संपते. दफनविधीच्या गर्दीत तिचा हिशेब राहून जातो आणि शोकाच्या घरी ती मागत नाही. राहिलेला पगार, शक्य असल्यास एक महिन्याचा जादा पगार आणि किती वर्षे कोणती सेवा केली याचा सही केलेला दाखला, हे मुलांनी आपापल्या गावी परतण्यापूर्वी तिच्या हाती द्यावे.